मेणाचे दात

आमच्या जिन्याने वर चढणारा माणूस तोंड मिटून चढतो आणि उतरताना दात काढत उतरतो. नवीन भाडेकरूंना हे जरा विचित्र वाटतं. मग मी त्यांना आमच्या समोरच्या दारावरची पाटी दाखवते: 'कवळ्या करून मिळतील. दुरुस्तीही.'

त्या दारामागच्या दोन खोल्यांत दातवाले भाऊजी राहतात. एका खोलीत ते, दुसऱ्या खोलीत लोकांचे दात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दात उपटायचे आणि बोळकं भाऊजींकडे पाठवायचं, अशी त्या दोघांची जुनी वाटणी. खिडकीखाली लांबलचक टेबल, त्यावर स्पिरिटची बत्ती, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, बारीक सुऱ्या, कानशी. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मला वाटलं, एवढे सगळे मिळून मलाच हसताहेत. आता कुठला जबडा कोणाचा हे मला पाठ झालंय. पण मी कोणाला सांगत नाही. विचारलं तरच सांगते.

भाऊजींनी लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या जिन्यात बऱ्याच कहाण्या आहेत, त्यातल्या काही माझ्याच. सगळ्यात चाललेली अशी, की मुलगी बघायला गेले आणि नाव विचारायच्या आधी म्हणाले, "जरा आ करा." ही त्यांना कळली तेव्हा रागावले नाहीत. "वहिनी, ती कहाणी खोटी आहे," म्हणाले, "मी आ करायला सांगितलं नव्हतं. मला न सांगताच दिसलं होतं." 

माणूस कामाचा पक्का. कवळी पक्की करायच्या आधी ते गुलाबी मेणात दात खोचून बघायचे. तो मेणाचा जबडा गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवायचा, हसायला लावायचं, बोलायला लावायचं आणि काही खुपलं तर सुरी बत्तीवर धरून तिथल्या तिथे दात इकडचा तिकडे करायचा. एकदा का मेणाच्या जागी कडक कवळी आली की मग दात हलत नाहीत. म्हणून मेणाच्या दिवशी त्यांचा एक नियम असायचा: घरचं माणूस घेऊन यायचं. "दात तुमच्या तोंडात राहणार," ते म्हणायचे, "पण बघावे घरच्यांना लागणार." मग ते घरचं माणूस स्टुलावर बसून फर्मान सोडायचं. एक बाई म्हणाली होती, "छान आहेत, पण ह्यांना जरा कमी हसता येईल असं काही करता येईल का?" भाऊजींनी तिचंही ऐकून घेतलं.

एक खोड मात्र होती. वेडावाकडा दात, दातांतली फट, पुढे आलेला सुळा असलं काही त्यांना बघवायचं नाही. देवाने घाईत केलेलं काम आपण निवांत दुरुस्त करतोय, अशा थाटात ते सगळ्यांना एकसारखी सरळ रांग बसवून द्यायचे. आमच्या गल्लीतले साठीच्या पुढचे सगळे एकाच आईच्या पोटचे वाटावेत असे हसतात ते त्यामुळेच.

आता अनाउन्सर काका. हे पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे, अजूनही राहतात. आयुष्यभर बस स्टँडवर घोषणा करायचं काम. "सव्वासातची बस सहा नंबरच्या फलाटावरून सुटेल. प्रवाशांनी सामान सांभाळावं." वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट होती, त्यामुळे प्रत्येक 'स'ला एक बारीक शिट्टी लागायची. वरिष्ठांनी म्हणे एकदा तक्रार केली होती, की प्रवाशांना वाटतं कंडक्टरनेच शिट्टी मारली, आणि ते धावत सुटतात. खरं-खोटं त्या वरिष्ठांना माहीत.

काकूंची नजर आधी गेली. पुढे आठवणही उसवायला लागली. आपण कुठल्या घरात आहोत, सकाळ आहे की संध्याकाळ, सगळं निसटत गेलं. अंथरुणाला खिळल्या. पण काकांनी दारातून "अगं, ऐकलंस का?" म्हटलं, की त्या 'स'ची शिट्टी बरोबर जाऊन त्यांना लागायची. "ऐकतेय हो," त्या म्हणायच्या, आणि चेहरा असा निवायचा की बघणाऱ्याने नजर खाली घालावी. मी अधूनमधून त्यांना भरवायला जायचे, तेव्हा हे कितीतरी वेळा बघितलंय. घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमचा आवाज मला असा ओळखता येईल का हो?" हे पेपरातून बाहेर न येता म्हणाले, "हं." म्हणजे आमचं हे असं.

तर काकांचे वरचे दात हलायला लागले आणि डॉक्टरांनी ते सगळे काढले. जखमा भरेपर्यंत ते घरात मुक्यानेच वावरले, काकूंनी विचारलं की 'ड्युटीवर आहेत' असं मीच सांगायचे. मग काका तोंड मिटून आमचा जिना चढले. मी तेव्हा भाऊजींकडेच होते, त्यांची छोटी कानस मागायला. माप झालं. भाऊजी नेहमीप्रमाणे म्हणाले, "मेणावर बघायला याल तेव्हा काकूंना घेऊन या."

"ती कुठली येतेय? अंथरुणातून उठत नाही. आणि दिसतही नाही तिला आता."

"दिसत नाही?" भाऊजी म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. मला आवडतील तसे करतो."

काका हसले. भाऊजी हसले. खरं सांगायचं तर तेव्हा ते वाक्य कोणालाच बोचलं नाही.

दात तयार झाले. मोत्याची रांग. फटीचं नामोनिशाण नाही. काकांनी आरसा इकडून बघितला, तिकडून बघितला. "लग्नाचा दिसतोय की हो मी!" म्हणाले, आणि दात काढत जिना उतरले.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलेलं. घरी गेले, दारातूनच नेहमीची हाक दिली: "अगं, ऐकलंस का?" आतून उत्तर नाही. पुन्हा हाक. तेव्हा काकूंनी पदर सावरला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, "हे घरी नाहीत. नंतर या."

काकांना आधी गंमत वाटली. जवळ बसून म्हणाले, "अगं मीच आहे." "मी म्हणजे कोण?" काकांनी नाव सांगितलं. काकू घाबरल्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव सांगून कोणीतरी घरात घुसलंय, अशी त्यांची समजूत झाली. काकांनी कवळी काढून ठेवली, तर बोळक्यातून नुसतं फसफस ऐकू यायचं. म्हणजे तो आणखी तिसराच कोणीतरी म्हातारा. त्या माणसांच्या हातचा घास त्या घेईनात. दूध पुढे केलं की तोंड फिरवायच्या. "ह्यांना बोलवा," एवढंच म्हणत राहायच्या. आणि ज्यांना बोलवायचं ते समोर वाटी धरून उभे.

काका धावत वर आले. भाऊजी म्हणाले, "नवीन आहे, रुळायला वेळ लागतो."

"मला नाही हो, तिला!"

"होईल सवय."

सवय झाली नाही. काही दिवसांनी काका पुन्हा आले, रुमालात गुंडाळलेली कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. आमचं दार समोरच असतं आणि उघडंच असतं, त्यामुळे मला कान टवकारावे लागले नाहीत.

"ही घ्या तुमची मोत्याची रांग. हिने मला घराबाहेर काढलंय."

"काका, बसवण्यात काही चूक असेल तर..."

"बसवण्यात काही चूक नाही. घट्ट बसलीये. सफरचंद खाता येतं. तुम्ही मला विचारलंत का, फट ठेवू का म्हणून?"

"फट कोणी मुद्दाम ठेवतं का हो?" भाऊजी बोलून गेले.

काकांनी रिकामा रुमाल झटकून खिशात घातला. "आणि तिला दिसत नाही म्हणून प्रश्न मिटला, असं म्हणालात. नाही का?" एवढं म्हणून उतरले. कवळी तिथेच.

यानंतर गल्लीत बातमी पसरली. मी पसरवली नाही. गरजच पडली नाही. सगळ्या गावाला कुठली गाडी कुठून सुटणार ते ज्याने सांगितलं, त्याला भाऊजींची गाडी कुठे घसरली ते सांगायला कितीसा वेळ लागणार? बाकावर, न्हाव्याकडे, स्टँडवरच्या जुन्या दोस्तांत, सगळीकडे बोभाटा. त्यात बोळक्या तोंडाने सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला दुप्पट कळवळा. भाऊजींचा जिना ओस पडला. ज्यांना त्यांच्या सरळ रांगेने आजवर काही त्रास नव्हता त्यांनाही अचानक टोचायला लागलं.

गिऱ्हाईक गेल्याचं भाऊजींनी फारसं मनाला लावून घेतलं नसावं. पण माणूस बदलला. बत्ती पेटवायचे आणि नुसते ज्योतीकडे बघत बसायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, मला घरात हाक मारणारं कोणी नाही. नवऱ्याच्या आवाजाचं बायको काय करते, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, दात म्हणजे दिसण्याची वस्तू."

मी थट्टा करणार होते. तोंडाशी आलेली थट्टा परत गेली. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

ते काकांकडे गेले. दार उघडलं नाही. खिडकीतून काका ओरडले, "माझं माप घेऊन झालंय तुमचं!" दुसऱ्यांदा गेले तेव्हा खिडकीही उघडली नाही. मग एका दुपारी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही काकूंना भरवायला जाता ना? मला बरोबर न्या."

"नेते," मी म्हटलं. "पण तिथे तोंड उघडायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावलंत, आज स्वतः मिटून बसा."

काकांनी मला बघून दार उघडलं आणि मागे भाऊजींना बघून लावायला घेतलं. मी माझा पाय दारात घातला. माझा पाय बारीक नाही, दार अडकलं.

"कशाला आलात?" काका म्हणाले. "माफी मागायला? मागा आणि जा."

भाऊजींनी माझं ऐकलं नाही, बोललेच. "काकूंना विचारायचं राहिलं होतं," म्हणाले. "ते विचारायला आलोय."

काकांचा दारावरचा हात खाली आला.

भाऊजींनी पिशवीतून बत्ती काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मेणाचा नवा जबडा काढला. आता प्रश्न असा, की फट होती केवढी? घरातल्या सगळ्या फोटोंत काका तोंड मिटून. "फटीची लाज वाटायची मला," ते म्हणाले. "आणि मोजली कधीच नाही. माझ्याच तोंडात होती, कुठे जाणार होती?" तेव्हा मापाला राहिला फक्त काकूंचा कान.

मग रोज दुपारी हेच चालू झालं. काकू उशीला टेकून बसलेल्या. काका मेणाचे दात घालून दारात उभे राहायचे, हाक द्यायचे. भाऊजी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. मग सुरी तापवायची, पुढचे दोन दात एकमेकांपासून केसभर लांब करायचे, पुन्हा हाक.

पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "रेडिओ कोणी लावलाय?" पुढे एकदा म्हणाल्या, "आवाज चांगला आहे हो तुमचा. पण हे घरी नाहीत." एकदा फट जास्त झाली आणि अशी जोरदार शिट्टी वाजली की काकू म्हणाल्या, "कुकर बंद करा!" मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी दात पुन्हा जवळ घेतले. काकांचा राग तेव्हाही गेला नव्हता. भाऊजींशी थेट बोलत नसत. "यांना सांगा, डावीकडचा टोचतोय," असं मला सांगायचे, आणि मी हातभर अंतरावरच्या माणसाला ते पुन्हा सांगायचे.

हळूहळू काकू जवळ यायला लागल्या. "तुम्ही ह्यांचे कोण?" एका दुपारी त्यांनी विचारलं. "बोलणं थोडं त्यांच्यासारखं आहे." काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भाऊजींनी सुरी पुन्हा बत्तीवर धरली. त्यांनी एकच दात, उजवीकडचा, जरासा तिरका केला.

काका दारात गेले. "अगं, ऐकलंस का?"

काकू थांबल्या. मग एकदम वैतागलेल्या बायकोच्या आवाजात म्हणाल्या, "ऐकतेय हो. होतात कुठे इतके दिवस?"

 काका आले आणि पलंगाच्या कडेला बसले. "स्टँडवर होतो."

"एवढी ड्युटी?"

"सीझन होता. गर्दी."

काकूंनी चाचपून त्यांचा हात धरला. "अहो, एक माणूस येत होता इथे. तुमचंच नाव सांगायचा. मला भरवायला बघायचा. मी हाकलला त्याला. वाईट वाटलं असेल हो बिचाऱ्याला."

"नाही, नाही. तो समजूतदार आहे."

"पुन्हा आला तर चहा द्या त्याला."

"देतो," काका म्हणाले.

मेणाचे दात तोंडात फार वेळ ठेवायचे नसतात. तोंडाच्या उबेने मेण मऊ पडतं आणि दात सरकतात. भाऊजी प्रत्येकाला बजावायचे: बोललात, बघितलं, की लगेच काढून द्या. आता तेच माप हवं होतं, त्यावरूनच कडक कवळी होणार होती. मी बघितलं, भाऊजींनी हात पुढे केला. काकांनीही बघितला. त्यांनी मान हलवली नाही, काही खूण केली नाही, फक्त भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी हात मागे घेतला.

काका बोलत राहिले. स्टँडवरचं, जुन्या कंडक्टरांचं, कधीकाळी हरवलेल्या कुठल्याशा ट्रंकेचं. काकू हुंकार देत होत्या, मध्येच काकांच्या हातून वाटीतलं दूध प्यायल्या. मग म्हणाल्या, "ती सकाळच्या गाडीची म्हणा ना." काकांनी पाठ ताठ केली आणि त्या एवढ्याशा खोलीत पूर्ण आवाजात घोषणा केली, सव्वासातच्या बसची, सहा नंबरच्या फलाटाची, सामान सांभाळायची. काकू हसल्या. पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा. आणि दर वेळी शिट्टी थोडी बारीक होत गेली. मला ती जाताना ऐकू येत होती. भाऊजी खिडकीशी उभे होते, विझलेली बत्ती हातात धरून.

काकूंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी कान जरा पुढे केला. "आवाज लांबून येतोय," म्हणाल्या. "निघालात का पुन्हा?"

काकांनी उत्तरात 'स' येऊ दिला नाही. "हो," एवढंच म्हणाले.

"लवकर या."

"हो."

बाहेरच्या खोलीत येऊन त्यांनी मेणाचे दात भाऊजींच्या तळहातावर ठेवले. पुढचे दोन एकमेकांना टेकले होते.

"मी काढून घ्यायला हवे होते," भाऊजी म्हणाले.

"काढायला आला असतात तर हाताला चावलो असतो," काका म्हणाले. इतक्या दिवसांत भाऊजींशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

"कशाने?" मी विचारलं.

आम्ही तिघंही हसलो. मग काका हसायचे थांबले नाहीत, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की ते हसणं नाही.

भाऊजींनी खोलीचं दार लावून घेतलं आणि डोळ्यांना जेवढं आठवत होतं, कानाला जेवढं आठवत होतं, तेवढ्यावर पुन्हा दात मांडले. मला दाराशी बसवून स्वतःच्या तोंडाने 'स' काढून दाखवायचे, "असा होता का? की असा?" असं विचारायचे. एवढा म्हातारा माणूस शिट्ट्या मारतोय आणि मी नाही नाही म्हणतेय. एरवी मी याची केवढी कहाणी केली असती. उजवीकडचा दात तिरका बसला. मग घाई करून, पण काम न बिघडवता, त्यांनी कडक कवळी उतरवली.

ती घेऊन आम्ही गेलो तेव्हा काकू डोळे मिटून होत्या. सकाळपासून कोणालाच ओ देत नव्हत्या. श्वास मोठा आणि सावकाश. डॉक्टर येऊन गेले होते. काकांनी कवळी घातली, दारात जाऊन उभं राहायच्याऐवजी त्यांच्या कानाशी वाकले.

"अगं, ऐकलंस का?"

शिट्टी बरोबर होती. मी शपथेवर सांगते, हुबेहूब तीच होती. जिन्यातून जाणारा दूधवाला थबकला, "अरे, काका बोलले!" म्हणाला. ज्याला ओळखायची गरज नव्हती त्याने ओळखली. काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. काका म्हणत राहिले, थांबत राहिले, पुन्हा म्हणत राहिले. भाऊजी चपला न घालताच बाहेर आले आणि तसेच घरापर्यंत चालत गेले. त्या संध्याकाळी काकू गेल्या.

नंतर भाऊजी भेटायला गेले. मीही होते. "दात उत्तम झालेत," काका म्हणाले.

"काका, मी..."

"ती मला परका समजत होती, ते दिवस तुम्ही परत आणू शकत नाही. मीही ते विसरणार नाही. तेव्हा तो विषय नको. दात उत्तम झालेत."

बाकावर बसून त्यांनी लोकांनाही एवढंच सांगितलं. हळूहळू जिना पुन्हा चालता झाला. भाऊजींचा नियम मात्र बदलला आहे. मेणाच्या दिवशी घरचं माणूस स्टुलावर बसलं की ते त्याला डोळे मिटायला लावतात. "आधी ऐका," म्हणतात, "बघायचं नंतर." लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. कारण ते सांगत नाहीत. मी सांगते.

आणि काका येतात. दर आठवड्याला येतात, तोंड मिटून जिना चढतात, खुर्चीत बसतात.

"टोचतंय."

"कुठे?"

काका खालच्या जबड्यावर बोट ठेवतात. खालचे दात त्यांचे स्वतःचे आहेत, अजून शाबूत. भाऊजी वरची कवळी काढून घेतात, खिडकीकडे पाठ करून तिच्यावरून हवेतल्या हवेत कानस फिरवतात, धुऊन परत देतात. "बोलून बघा."

काका कवळी बसवतात, खिडकीबाहेर बघतात आणि हळूच म्हणतात, "अगं, ऐकलंस का?"

फळीवरचे जबडे सगळे ऐकत असतात. मी माझ्या दारात हातातलं काम थांबवून उभी असते. 

मग भाऊजी कानस जागेवर ठेवतात. "अजून रुळायला वेळ लागेल," म्हणतात. "या पुन्हा."

काका मान हलवतात आणि जिना उतरतात. आमच्या जिन्यात तोंड मिटून उतरणारं गिऱ्हाईक ते एकच.